आई-बाबा, यंदा उन्हाळा मिरगाच्या आधीच संपला

३ जून २०२५, मंगळवार

आई, बाबा,

शि. सा. न. वि. वि. वगैरे सगळं आलं असं समजा.

फोनवर धड बोलणंच होत नाहीये. तुम्ही हॅलो हॅलो करता, मी इकडून ओरडते, मधेच आई विचारते जेवलात का, आणि तेवढ्यात फोन कट. रेंज मिळते ती फक्त पाणंदीच्या वळणावर, आणि तिथे संध्याकाळी अर्धी वाडी फोन कानाला लावून उभी असते, म्हणजे आपल्या घरातलं बोलणं सगळ्यांना ऐकू जाणार, म्हणून म्हटलं एकदाच निवांत बसून सगळं टाइप करावं आणि वळणावर गेलं की पाठवून द्यावं. दादाला सांगितलंय टॅबवर फॉन्ट मोठा करून दे म्हणून. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका, तुम्ही गाळता ते मला माहितीये.

तर पावसाचं तुम्ही बातम्यांमधे बघितलंच असेल, पण इथे गावच्या घरी राहून बघणं वेगळंच. आम्ही आलो तेव्हा मस्त कडकडीत ऊन होतं, खळ्यात अनवाणी पाय ठेववत नव्हता, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, सगळं कसं मे महिन्यासारखं. आणि मग साधारण वीस तारखेपासून जे सुरू झालं ते थांबेचना. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले वळीव आहे, जाईल. दुसऱ्या दिवशी म्हणाले समुद्रात काहीतरी पट्टा तयार झालाय. मग २४ तारखेला केरळात मान्सून आला म्हणून जाहीर झालं, २५ ला तो आपल्या कोकणात आणि २६ ला मुंबईत! मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आणि हा सोळा दिवस आधीच हजर. बाबा, तुमच्या पंचांगातला मृग लागायला अजून अवकाश आहे आणि इथे रोहिणीतच पन्हाळीतून धारा लागल्या. शेजारच्या काकींनी मला खळ्यात रतांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, पसाऱ्यामागे धावताना बघितलं आणि पडवीतून ओरडल्या, "आवशीक सांग, पाऊस तिची वाट बघूक नाय!" आणि वर स्वतःच हसत बसल्या.

आता चार दिवस उघडीप आहे. ऊन पडतं पण त्यात जोर नाही, हवा ओली, कपडे वाळत नाहीत, वास येतो. पण त्या उघडिपीतच सगळी कामं उरकायची धावपळ चाललीय.

आई, आधी रतांब्यांचं सांगते कारण तू दर फोनला तेच विचारतेस. तुझ्या पद्धतीनेच सगळं सुरू केलं होतं. सालं वेगळी, बिया वेगळ्या, बियांच्या गराला मीठ लावून ठेवलं, त्याला सुटलेल्या रसात सालं बुडवून उन्हात टाकली, परत बुडवली, परत टाकली. तू म्हणतेस चार-पाच पुटं तरी बसली पाहिजेत, नाहीतर सोलाला रंग येत नाही आणि पावसात बुरा येतो. दोन पुटं छान बसली आणि मग आभाळ फाटलं. पहिल्या दिवशी सगळं उचलून पडवीत, मग माजघरात, मग चुलीच्या वर तट्ट्या टांगून त्यावर. घरभर तो आंबट वास, मुलांची बोटं जांभळी, माझा पिवळा गाऊन कायमचा गेला. शेवटी मी ठरवलं की उरलेल्या रतांब्यांची सोलं करायचीच नाहीत, सरळ मीठ घालून रसाचं आगळ करायचं, त्याला ऊन लागत नाही. तर आगळ भरपूर झालंय, बरणी आणि शिवाय बाटल्या, आणि सोलं मात्र यंदा कमीच. तुला आवडणार नाही हे माहितीये. पण सोलकढी आगळाची पण होते ना, आणि माशाच्या सारात टाकायला पुरतील एवढी सोलं आहेत, माझ्यासाठी ठेवत नाही, सगळी तुलाच आणतेय. बिया धुवून वाळत टाकल्यात. त्या पूर्ण वाळल्या की काकी कांडून, उकळून मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, काढून देणार आहेत, ते तुझ्या टाचांसाठी. बाजारात मिळणाऱ्या क्रीममधे काय असतं देव जाणे, मुठेल ते मुठेल.

फणसपोळी झाली नाही. आंबापोळी एकच ताट झाली, ती पण पोरांनी अर्धी ओली असतानाच कडेकडेने खाल्ली. त्यावर मी काही बोलले नाही कारण मी पण तेच करायचे आणि तू मला खळ्यातून पळवायचीस.

पण बरक्या फणसाची सांदणं केली! तांदळाचा रवा काकींकडून आणला, नारळाचा दाट रस काढला, आणि खरं सांगते, तुझ्यासारखी झाली नाहीत पण कुणी उरवली पण नाहीत. जावईबापू तुमचे सहा खाऊन पडवीत आडवे झाले आणि चार वाजता ऑफिसची मीटिंग होती तिला पाणंदीच्या वळणावर छत्री घेऊन लॅपटॉपसकट उभे. समोर कुणाची तरी म्हैस. मीटिंगमधल्या लोकांना वाटलं बॅकग्राउंड लावलंय. कापा फणस मात्र पाऊस लागल्यावर पाणचट झाला, त्यात मजा नाही, चिप्सपुरता कामाला आला. आठळ्या मातीत घोळवून माळ्यावर ठेवल्यात, गणपतीत भाजीला होतील.

आंबा म्हणाल तर हापूस संपला, जो झाडावर राहिला त्यात पावसाने माशी झाली, कापला की आत अळी. बागायतदारांचं शेवटच्या तोडणीचं नुकसान झालंच, काही जणांनी तर झाडावरचा आंबा उतरवलाच नाही, मजुरी सुटली नसती. पण आपला विहिरीजवळचा रायवळ! तो बिचारा ना औषध मागतो ना फवारणी, नुसता टपाटप पडतोय. रात्री वारा सुटला की धाकटी झोपेतच म्हणते "पडला". सकाळी उठून दोघं टोपली घेऊन पळतात, काकींच्या नातवाशी भांडणं, कुठला आंबा कुणाच्या हद्दीत पडला यावरून. बाबा, तुमची आणि शेजारच्या आजोबांची तीच केस अजून चालू आहे असं समजा, फक्त पुढची पिढी लढतेय. काल त्या आंब्यांचं सासव केलं, मोहरी जरा जास्त झाली, डोळ्यांतून पाणी, पण भाताबरोबर दुसरं काहीच लागलं नाही.

घराचं सांगते. बाबा, तुम्ही बसलाय का? बसा. कौलं परतायला माणूस मिळाला नाही. म्हणजे सांगून ठेवलेला होता, तो येणार होता २२ ला, पण पाऊस सुरू झाल्यावर ओल्या कौलांवर कोण चढणार, आणि सगळ्यांनाच एकदम हवा होता. देवघराच्या बाजूला गळत नाही. माजघरात दोन ठिकाणी आणि मागच्या पडवीत एका ठिकाणी गळतं, तिथे टोप ठेवलेत. मागच्या बाजूवर ताडपत्री टाकून घेतलीय, दोरी पक्की बांधलीय, मी स्वतः खालून उभी राहून बघितलंय. पन्हळ साफ केली (हो, दोन्ही बाजूंची). खळ्यातला माटव काढला, झापं मांगरात टाकली, लाकडं आधीच आत घेतलेली होती ती सुकी राहिली. उघडीप अशीच राहिली तर या आठवड्यात तो माणूस येतो म्हणालाय, येऊ दे नाहीतर न येऊ दे, पावसाळाभर टोप ठेवून पण घर उभं राहतं, तुम्हीच सांगायचात की तुमच्या लहानपणी कुठे दरवर्षी कौलं परतायला पैसे असायचे.

शेतीवाल्यांची पंचाईत जास्त झालीय. धूळवाफ, म्हणजे कोरडी पेरणी, करायला जमीन कोरडी राहिलीच नाही. नांगर लावायच्या आधीच कोपऱ्यात पाणी. आता सगळे बी भिजवून मोड आणून चिखलात पेरायच्या, म्हणजे रहूच्या गोष्टी करतायत. मिरगाला पेरायचं, नारळ द्यायचा, हे सगळं वेळापत्रकच हुकलं. तुमचे मित्र आबा रोज सकाळी येऊन पडवीत बसतात, आकाशाकडे बघतात, चहा पितात, आणि म्हणतात "बापाशीक सांग, ह्यो पाऊस खरो न्हय." मग खरा कुठला ते काही सांगत नाहीत.

मालवणला जाऊन आलो, एसटीने. मला हाफ तिकीट, धाकटीला हाफ तिकीट, थोरल्याला नुकतीच बारा झाली म्हणून त्याला फुल, म्हणून तो तोंड फुगवून बसला की आईला का हाफ आणि मला का फुल. बाबा, तुम्हाला तर पंचाहत्तरीनंतर फुकट, आणि तुम्ही घरात बसून राहता! मुलांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं होतं, तुम्ही दूधबाव, दहीबाव, साखरबाव असं सगळं रंगवून सांगितलेलं ना, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यांना ते चाखूनच बघायचं होतं. पण होड्या बंद झालेल्या. एरवीही मे संपता संपता बंद होतातच, यंदा पावसाने पर्यटकांचे शेवटचे दिवस पण खाल्ले. जेट्टीवर उभं राहून लांबूनच तट बघितला, लाटा तटावर आपटत होत्या, थोरला म्हणाला एवढ्या पाण्यात तीन वर्षांत कसा बांधला. १६६४ ते १६६७, मी सांगितलं, आणि मग उगाच आपल्या मुंबई-गोवा हायवेची आठवण झाली, ते पण सांगितलं. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा नवीन पुतळा उभा राहिलाय गेल्या महिन्यात, तो बघितला, तिथे मात्र गर्दी होती.

बाजारात सुकी मासळी घेतली. यंदा सगळ्यांचंच वाळवण पावसात सापडल्यामुळे माल कमी आणि भाव चढे, बाई काही केल्या कमी करायला तयार नव्हती, मी मालवणीत बोलले तर म्हणाली "मुंबयची मा तू?" कसं ओळखलं कुणास ठाऊक. सुकट घेतली, थोडे सोडे, गोलमो, आणि बाबांसाठी सुके बांगडे. बोंबील घेतले नाहीत, ओलसर वाटले, घरी नेऊन फेकायचे त्यापेक्षा नकोच. ओली मासळी आता संपलीच म्हणा, १ जून ते ३१ जुलै बंदी, यांत्रिक होड्या सगळ्या वर काढून झावळ्यांनी झाकून टाकल्यात, किनाऱ्यावर नुसती रांग. खरं तर वादळी हवेमुळे बऱ्याच जणांनी आठवडाभर आधीच काढल्या. माशांना अंडी घालायला दोन महिने मिळतात ते चांगलंच आहे, पण ज्याचं पोट त्यावर त्याला मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे कमाईचा, तोच गेला. इकडे वाडीत मात्र पोरं व्हाळावर चढणीचे मासे धरायला रात्री बॅटऱ्या घेऊन जातायत. मला ते पटत नाही, अंड्यांनी भरलेले असतात ते, वर चढायलाच निघालेले असतात. मी बोलले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग एकाने वाटीभर आमटी आणून दिली. खाल्ली. छान होती, काय करू.

बाबांसाठी खाजा घेतलाय, आल्याचा, पण थोडाच आणि आईच्या ताब्यात देणार, शुगरचा रिपोर्ट आधी दाखवा.

प्रवासाचं राहिलंच. येताना मांडवी एक्सप्रेसने आलो, दिवसाची गाडी असल्यामुळे मुलांनी खिडकी सोडली नाही. करबुड्याचा बोगदा आला तेव्हा थोरल्याने घड्याळ लावलं, साडेसहा किलोमीटर अंधार, धाकटी माझ्या मांडीत तोंड घालून बसली आणि बोगदा संपल्यावर म्हणाली परत कधी येणार. पानवलच्या पुलावर खाली बघून जावईबापूंनीच डोळे मिटले, मुलं नाही. खाणं तर काय, गाडी सुटल्यापासून कटलेट, ऑम्लेट, सूप, वडे, परत कटलेट, मी घरून पोळी-भाजीचा डबा नेला होता तो तसाच्या तसा कुडाळला उतरला. आई, तू असतीस तर बोलली असतीस. जायला आम्ही १२ तारखेचं तिकीट काढलंय, मुलांची शाळा १६ ला. १५ पासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, गाड्या हळू चालणार, त्याच्या आधी निघालेलं बरं.

संध्याकाळी इथे काही म्हणजे काहीच करत नाही आम्ही. लाईट गेलेली असते बऱ्याचदा. पडवीत बसतो. आधी रोज वाडीच्या क्रिकेटचा स्पीकर असायचा, कॉमेंट्री करणारा मुलगा एवढा जोरात की फोर गेला तरी विहीर हादरेल, पण मैदानात चिखल झाल्यावर फायनलच रद्द झाली आणि ट्रॉफी दोघांत वाटली, म्हणजे सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. आता शांत आहे. मांगरामागच्या ऐनाच्या झाडावर काजवे येतात, आधी एक-दोन, मग सगळं झाडच एकदम पेटतं आणि विझतं. नवरंग पक्षी पण आलाय, रोज पहाटे फणसावर शीळ घालतो, दिसला एकदाच, थोरल्याने पुस्तकात शोधून मला सांगितलं. आंबोलीचा धबधबा म्हणे मे महिन्यातच सुरू झाला, जावईबापूंना तिथे जायचं होतं, मी म्हटलं अर्ध्या महाराष्ट्राला जायचंय, आपण नको. पडवीत बसून चहा आणि गरम आठळ्या. धाकटीला चुलीत आठळ्या भाजायचा नाद लागलाय, फट्कन फुटली की टाळ्या वाजवते.

आता बाबा, एक गोष्ट, फोनवर वळणावर उभं राहून बोलायची नव्हती.

तुम्ही निघताना म्हणालात की आईचा गुडघा असा, तुमचा दम असा, मग आता दरवर्षी कोण बघणार, यंदा आगोट, पावसाळ्याआधीची सगळी कामं, आवरून घर नीट बंद करून ये आणि मग बघू, कुणाला तरी देऊन टाकू, होमस्टेवाले विचारतात. तेव्हा मी काही बोलले नाही. इथे येऊन मला असं वाटतंय की तुमचं सगळं 'आवरून' मधे अडकलंय. तुम्ही दोघं दरवर्षी मे महिन्यात येऊन महिनाभर राबायचात, कौलं, माटव, लाकडं, सोलं, पोळ्या, सगळं जागच्या जागी झाल्याशिवाय आईने कधी समुद्र बघितला नाही, चार मैलांवर समुद्र असून. आता ते होत नाही तर घरच नको असं तुमचं चाललंय. माझ्याकडून यंदा अर्धंच आवरलंय. फणसपोळी नाही, सोलं कमी, तीन ठिकाणी गळतंय. आणि तरी आम्ही इथे मजेत आहोत, मुलं रोज विचारतात अजून किती दिवस. मला पुढच्या मे मधे परत यायचंय, आणि मी तुमच्या यादीतलं सगळं करणार नाहीये. जेवढं होईल तेवढं करीन, बाकी सोडून देईन. होमस्टेवाल्यांना गणपतीपर्यंत काही कळवू नका एवढंच म्हणणं आहे. दादाशी माझं बोलणं झालंय, तो पण तयार आहे, त्याला तुमच्यासमोर बोलायला जमत नाही म्हणून मी लिहितेय.

आई, तू काकींना फोन कर. त्या रोज विचारतात, "आवशीचा ढोपार कसा आसा, कधी येतली?" मी सांगते बरं आहे, जिना चढते, पण त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. आणि फिजिओवाल्या मुलीला सुट्टी देऊ नकोस, गाडीची पायरी उंच असते.

कारण गणपतीला तुम्ही येताय. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी आठला, आणि दोन मिनिटांत वेटिंग लागतं हे दरवर्षीचं. मी आणि दादा दोघंही आपापल्या मोबाईलवर बसणार आहोत. तुम्हाला दोघांना लोअर बर्थ टाकते, एसीत, बाबा एसी नको म्हणू नका. ज्येष्ठांची सवलत काय आता मिळत नाही, कोरोनात बंद केली ती केलीच, पण खालचा बर्थ तरी मिळेल. तोपर्यंत कौलं झाली तर झाली. नाही झाली तर गणपतीवरची माटवी देवघरात बांधायची आहे, तिथे गळत नाही, मी पुन्हा बघून आले.

बाबा, तुमच्या आधार कार्डावर जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघून दादाला सांगा, गेल्या वेळी तिकिटावर तुमचं वय कमी लागलं होतं आणि तुम्ही खुश झाला होतात.

चला, वळणावर जाऊन पाठवते. काकींचा नातू बोलवायला आलाय, आमच्या आंब्याच्या टोपलीत त्याचे दोन आहेत म्हणतो.

तुमची,
बाय

ता. क. : आई, मोठ्या काळ्या बरणीचं झाकण कुठे ठेवलंयस? आगळ सध्या ताटली ठेवून झाकलंय आणि वर वरवंटा. माळ्यावर, मांगरात, पेटाऱ्यात सगळीकडे बघून झालं. काकी म्हणतात तू ते मुंबईला नेलंस.